स्वभाव आणि बुद्धिबळाचा डाव

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या सभागृहात दर रविवारी बुद्धिबळाचा वर्ग भरतो, तो चालविणारे आम्ही. आम्हाला भाषणाची सवय नाही, पटासमोर गप्प बसण्याची आहे. तेव्हा गोड मानून घ्यावे. वर्गात मूल घालायला आलेले पालक आम्हाला हटकून विचारतात, "सर, पोरगा फार तापट आहे हो, त्याला जमेल का?" एखादी माउली म्हणते, "आमची मुलगी भित्री आहे, तिच्याच्यानं नाही होणार." एका वडिलांनी तर एवढ्याच कारणावरून मुलाला चार महिन्यांत काढून नेले. पोरगं चांगलं खेळत होतं. आजचे आमचे बोलणे त्या वडिलांशी आहे असे समजा.

बुद्धिबळ म्हणजे थंड डोक्याच्या माणसाचा खेळ, ही समजूत कुठून आली कोण जाणे. जे जगज्जेते झाले ते स्वभावाने एकमेकांपासून कोसो दूर होते. रीगा शहराचा मिखाईल ताल घ्या. मोहरा फुकट देऊन टाकायचा, पटावर वादळ उठवायचे आणि समोरच्याला घड्याळाकडे बघायला लावायचे, ही त्याची रीत. 1960 साली अवघ्या 23 व्या वर्षी त्याने बोट्विनिकला 12½–8½ असे हरवले. बोट्विनिक पडला इंजिनिअर माणूस. शिस्तीचा, वहीत सगळे टिपून ठेवणारा. तो घरी गेला आणि ताल काय करतो याचा त्याने अभ्यास केला. 1961 च्या परतीच्या लढतीत त्याने डाव बंदिस्त ठेवले, वजिरावजिरी करून शेवटच्या टप्प्याकडे नेले आणि 13–8 ने गादी परत घेतली. ताल तेव्हा आजारी होता, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर अन्याय होईल. पण गंमत पुढे आहे. हाच ताल 1973-74 मध्ये लागोपाठ 95 डाव हरला नाही. वादळी माणसाचा हा विक्रम पुढे 2018 साली मोडेपर्यंत टिकला. त्याने हल्ला सोडला नव्हता, कधी थांबायचे ते शिकला होता.

आता याच बोट्विनिकच्या शाळेत शिकलेली दोन मुले पाहा, कार्पोव आणि कास्पारोव. गुरू एक, पण चेले अगदी उलट. कार्पोव सापासारखा हळूहळू विळखा घालणारा, कास्पारोव अंगावर धावून जाणारा. 1984 च्या सप्टेंबरात मॉस्कोत दोघांची लढत सुरू झाली. जो आधी सहा डाव जिंकेल तो विजेता, बरोबरी मोजायची नाही, असा नियम होता. कास्पारोव 21 वर्षांचा, रक्त गरम. धावून गेला आणि नऊ डावांत 4–0 ने मागे पडला! आणखी दोन डाव गेले की खेळ खलास.

इथे त्याने काय केले ते मुलांनो नीट ऐका. त्याने धावणे थांबवले. पुढचे 17 डाव ओळीने बरोबरीत सुटले. बघणारे कंटाळले, पण तो रोज कार्पोवसमोर बसून कार्पोवचेच काम शिकत होता: घाई न करणे, कमी मिळाले तरी धरून ठेवणे. सत्ताविसावा डाव हरून तो 5–0 वर आला, तरी पडला नाही. बत्तिसाव्या डावात पहिला विजय मिळाला. 48 डाव झाल्यावर, 5–3 असताना, 15 फेब्रुवारी 1985 रोजी लढत थांबवण्यात आली. त्याच वर्षी नव्याने लढत झाली. तिच्या सोळाव्या डावात कास्पारोवने एक प्यादे सोडून आपला घोडा कार्पोवच्या अगदी छातीवर, त्याच्या तिसऱ्या ओळीत, नेऊन बसवला. कार्पोवच्या मोहऱ्यांना हलायला जागा उरली नाही. नोव्हेंबरात 13–11 ने तो जगज्जेता झाला. स्वभाव गेला का? नाही. जुना कास्पारोव तसाच होता, फक्त त्याला आता बसताही येत होते.

भित्र्या मुलांसाठी पेट्रोशियन सांगतो. तिबिलिसीत लहानपणी आईबाप गेले, रस्ते झाडून दिवस काढले, कानाने कमी ऐकू यायचे. असा माणूस संकट येण्याआधीच दार लावून घेणार, यात नवल काय? लोक त्याला भित्रा म्हणत. पण 1953 साली झुरिचला रेशेव्स्कीविरुद्ध अडचणीत असताना त्याने आपला हत्ती मुद्दाम उंटाच्या तोंडी ठेवला, कारण तेवढे दिले की बाकीचा किल्ला अभेद्य होत होता. डाव बरोबरीत सुटला. सावध माणसाचे धाडस असे असते. ते आरडाओरडा करत नाही. 1963 मध्ये बोट्विनिकला हरवून तोही जगज्जेता झाला.

हे मोठ्यांचे झाले. आमच्या वर्गाचे सांगतो. तापट मुलाला आम्ही पहिल्या दिवसापासून सावध खेळायला लावत नाही. त्याला हल्ल्याचेच डाव देतो, कारण त्यात त्याचे मन रमते आणि रमले तरच तो पुढच्या रविवारी येतो. मग हळूच नियम घालतो: चाल सुचली की हातावर बसायचे, समोरच्याचे उत्तर वहीत लिहायचे, मगच मोहरा उचलायचा. भित्र्या मुलीला आधी हत्ती-प्याद्यांचे शेवटचे डाव शिकवतो. शेवट जिंकता येतो हा भरवसा आला की ती सगळे मोहरे मारामारी करून संपवायची घाई करत नाही. आणि तिसरा एक प्रकार असतो, पंधरा चाली पाठ करून येणारा. सोळाव्या चालीला तो आमच्या तोंडाकडे बघतो. त्याचे औषध सोपे, आम्ही तिसऱ्याच चालीला काहीतरी विचित्र खेळतो.

जुलै 2025 मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात बातुमी इथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेही अंतिम फेरीत कोनेरू हम्पीसारख्या अनुभवी खेळाडूला हरवून, आणि त्या विजयानेच ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून वर्गातली निम्मी मुले दिव्यासारखे खेळायचे म्हणतात. चांगली गोष्ट आहे. पण तिच्या चाली पाठ करून दिव्या होता येत नाही, बाळांनो. आपले हरलेले दहा डाव काढा. कुठे घाई झाली, कुठे भीती वाटली, कुठे समोरच्याला कमी लेखले, ते पेन्सिलीने समासात लिहा. दहापैकी सात डावांत एकच शब्द आला की तिथून अभ्यास सुरू करायचा. पालकांनीही ती वही वाचावी, मात्र वाचून मुलाला बोलू नये.

आणखी एक विनंती पालकांना. डाव चालू असताना मुलाच्या पाठीशी उभे राहू नका. खुर्च्या मागच्या भिंतीला लावल्या आहेत, चहाही तिकडेच आहे. भोजनदानानंतर बारा पट मांडणार आहोत. ज्यांना आमच्याशी खेळायचे असेल त्यांनी नावे द्यावीत. आणि ते चार महिन्यांत काढून नेलेले पोरगं, त्याची स्कोअरची वही अजून आमच्या कपाटात आहे. त्याचे वडील इथे असतील तर जाताना घेऊन जावी, किंवा रविवारी त्यालाच न्यायला पाठवावे.