मातीचा रंग आणि मातीचे नाव

आपल्याकडे गावाची वाटणीच मुळी रंगावरून झालेली आहे. जेथे घरे ती पांढरी आणि जेथे पिके ती काळी. जमिनीची जात सांगतानाही शेतकरी आधी रंग सांगतो, मग पोत. शास्त्रज्ञांनी तरी निराळे काय केले? १८९८ साली जे. डब्ल्यू. लेदर यांनी हिंदुस्थानच्या जमिनींचे गाळाची, काळी, तांबडी आणि जांभी असे चार मोठे वर्ग पाडले. चारांपैकी दोन नावे तर उघडउघड रंगाचीच आहेत.

पण रंग हा साक्षीदार जवळचा असला, तरी भरवशाचा नव्हे. शेतातले एक कोरडे ढेकूळ फोडून त्याच्या अर्ध्या भागावर पाणी शिंपडून पाहा. माती तीच, पण ओला भाग लगेच काळपट दिसू लागतो. याचे कारण आंगस्ट्रम या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९२५ साली सांगितले. मातीच्या कणांवर पाण्याचा पातळ पापुद्रा चढतो, कणावरून परतणारा काही प्रकाश त्या पापुद्र्यातच अडकून पुन्हा कणावर पडतो आणि तेथेच जिरतो. एकदा मी वर्गात एकच माती तीन पुड्यांत बांधून तिघांना दिली. एकाने ती तपकिरी म्हटली, दुसऱ्याने करडी, तिसऱ्याने काळपट. तिसरा दिव्यापासून दूर बसला होता, एवढाच काय तो फरक! अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराच्या पद्धतीने केलेली रंगपट्ट्यांची वही असे वाद पुष्कळसे मिटवते. मात्र पट्टी शेवटी डोळ्यांनीच लावायची, आणि डोळ्याला ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींपलीकडे काही दिसत नाही.

म्हणून मातीवरून परतणारा प्रकाश यंत्राने मोजायचा. माती वाळवून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात, वाटीत सपाट करतात आणि तिच्यावर दिव्याचा प्रखर प्रकाश टाकतात. शेजारी एक शुभ्र वडी असते. तिच्यावरून परतणारा प्रकाश शंभर धरून मातीवरून किती परतला ते ३५० पासून २५०० नॅनोमीटरपर्यंत टिपत जातात. मिळते ती एक वाकडीतिकडी रेघ. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातील स्टोनर व बाउमगार्डनर यांनी १९८१ साली अशा रेघांचे पाच मुख्य आकार दाखवून दिले. ते प्रामुख्याने मातीतील सेंद्रिय द्रव्य आणि लोह यांच्या प्रमाणावर बेतलेले आहेत.

आता ही रेघ वाचायची कशी? कोकणातली जांभ्याची माती घ्या. निळ्या-हिरव्या भागात तिची रेघ खाली दबलेली असते, तांबड्याकडे येताच ती चढू लागते आणि ९०० च्या आसपास तिला एक पसरट खळगा पडतो. हे लोहाच्या ऑक्साइडांचे काम. देशावरच्या काळ्या मातीची रेघ मात्र खाली आणि बरीच सपाट. डोळ्याला जे दिसते त्याहून यात जास्त काय, असे तुम्ही विचाराल. खरी गंमत १९०० आणि २२०० या ठिकाणी आहे. काळ्या मातीतली चिकणमाती मुख्यतः स्मेक्टाइट जातीची. ती आपल्या पदरांमध्ये पाणी धरून ठेवते, माती हवेत वाळवली तरी ते पुरते सुटत नाही, आणि म्हणून १९०० ला खोल खळगा पडतो. जांभ्यातल्या केओलिनाइटला ही सवय नाही. त्याचा १९०० चा खळगा उथळ, पण २२०० चा जोडखळगा असतो. उन्हाळ्यात हात हात भेगा पाडणारी आणि पावसात फुगणारी चिकणमाती ती हीच, हे येथे चिमूटभर कोरड्या मातीवरून कळते.

काळा रंग म्हणजे कस, ही समजूत आपल्यात फार रुजलेली आहे. युक्रेनमधल्या काळ्या जमिनीला ती लागू पडते, कारण तिचा काळेपणा कुजलेल्या वनस्पतींतून आलेला. आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा शेकडा एकाहूनही कमी भरतो. रंगावर विसंबून शेणखतात हात आखडणारा शेतकरी फसतो तो येथे.

पाण्याच्या बाबतीत तर चूक अधिक महाग पडते. फुगणाऱ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. कालवा आला, उसाला भरमसाट पाणी दिले, की काही वर्षांत खालचे पाणी वर चढते आणि क्षार घेऊन येते. नीरेच्या खोऱ्यातल्या अशा खारवट जमिनींवर हॅरल्ड मॅन यांना १९१० सालीच लिहावे लागले होते. अशा जमिनीवर पांढरा थर फुटला, की यंत्राची रेघ उंच चढते आणि खूण पटते. परंतु चोपण जमीन असे काही दाखवीत नाही. तिच्यातल्या सोडियमची स्वतःची अशी खूण रेघेत उमटतच नाही; त्यासाठी रसायनशाळेचाच रस्ता धरावा लागतो. हे मुद्दाम सांगतो, कारण यंत्र नवे असले की माणसे त्याच्याकडून नको ते वदवून घेऊ पाहतात.

उपग्रहाच्या चित्रांचेही तेच. आकाशातून माती पाहायची, तर शेत उघडे आणि कोरडे हवे. आपल्याकडे रब्बीची काढणी झाल्यावर एप्रिल-मे हे दिवस त्यातल्या त्यात सोयीचे; पण तेव्हाही धसकटे असतात, ढेकळांच्या सावल्या असतात, आणि दिसतो तो वरचा मिलिमीटरभरदेखील नसलेला थर. मातीचे नाव ठरते ते मात्र तिच्या पोटातून. काळ्या जमिनीला तिच्या शास्त्रीय गटात बसवायचे तर खालच्या थरातले एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेले मातीचे चकचकीत पृष्ठभाग पाहावे लागतात, भेग किती खोल गेली ते मोजावे लागते. तेव्हा कुदळ आलीच. पुरुषभर खड्डा खणायचा, त्याची एक भिंत खरवडून ताजी करायची आणि वरपासून खालपर्यंत थराथराची माती वेगळ्या पिशवीत भरून मग ती दिव्याखाली न्यायची.