जुनी मोटार आणि तिचे अस्सल भाग

अकोल्यास किंवा अमरावतीस एखाद्या बंद पडलेल्या जिनाच्या आवारांत, पत्र्याच्या छपराखालीं, ताडपत्री पांघरून जुनी मोटार उभी असते. आजोबांनीं ती कापसाच्या एखाद्या चांगल्या हंगामांत घेतलेली. नातवाला ती पुन्हां रस्त्यावर आणावयाची असते. हौस चांगली आहे. परंतु या हौसेंतलें पहिलें काम पाना हातीं घेण्याचें नसून वही आणि पेन्सिल हातीं घेण्याचें आहे, आणि नेमकें तेंच राहून जातें. गाडी गॅरेजांत जाते, चार महिन्यांनीं लखलखीत होऊन परत येते, आणि तिच्यांत जें कांहीं मूळचें होतें तें तोंवर भंगारवाल्याच्या तराजूंत पडलेलें असतें.

हें नुकसान केवळ भावनेचें नव्हे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुन्या वाहनांच्या नोंदणीचे निराळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेल्या खाजगी गाडीस त्यांअन्वयें ‘व्हीए’ हीं अक्षरें असलेला क्रमांक मिळूं शकतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठरली. मात्र गाडी मूळ स्वरूपांत असली पाहिजे. तिच्या चॅसिसमध्यें, बॉडींत वा इंजिनांत मोठा फेरफार झालेला असतां कामा नये. सोयीसाठीं बसविलेलें डिझेल इंजिन किंवा हौसेनें कापलेला पत्रा गाडीला या वर्गाबाहेर नेऊं शकतो.

उदाहरणासाठीं फोर्डची ‘मॉडेल ए’ घ्यावी. १९२७ च्या अखेरीपासून १९३१ पर्यंत ही गाडी निघत होती. तिचा क्रमांक इंजिनाच्या डाव्या अंगास, पाणी आंत शिरतें त्या तोंडाच्या वरच्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. तोच क्रमांक चॅसिसच्या डाव्या दांड्यावरही असतो, पण तो बॉडीखालीं झांकलेला. दोन्ही न जुळल्यास गाडी खोटी ठरत नाहीं. इतक्या वर्षांत केव्हां तरी इंजिन बदललें गेलें एवढेंच कळतें, आणि तें प्रामाणिकपणें नोंदवून ठेवावें. घासून सपाट केलेल्या जागेवर वांकडेतिकडे आंकडे दिसले तर मात्र सावध व्हावें.

सर्वांत अधिक फसगत होते ती मुलाम्यांत. रेडिएटरची चौकट आणि पुढचे दिवे यांवर १९२८ व १९२९ सालच्या गाड्यांना निकेलचा मुलामा असे. १९३० पासून त्या जागीं न गंजणारें पोलाद आलें. तरीही आज हे भाग मुलाम्यास दिले कीं कारागीर न विचारतां क्रोमियम चढवितो, कारण त्याच्या हौदांत तेंच असतें. ओळख अवघड नाहीं. देवघरांतलें रोजच्या वापरांतलें चांदीचें निरांजन आणि स्टीलचें नवें ताट शेजारीं ठेवून पाहावें. निकेलला निरांजनासारखी मऊ, किंचित् पिवळसर झांक असते. क्रोमियम निळसर आणि डोळ्यांना झोंबणारें. विरलेला कां होईना, मूळचा निकेल कोठें शिल्लक असेल तर तो पुसून ठेवावा, खरडून काढूं नये.

रंगाचेंही तसेंच. ‘मॉडेल ए’च्या बॉडीला लॅकर असे, तर मडगार्डें बहुतेक काळ्या एनॅमलचीं. तांबड्या बॉडीला तांबडींच मडगार्डें रंगविलेलीं दिसलीं तर तें बहुधा पुढच्या काळांतलें काम समजावें. हिच्या आधींची ‘मॉडेल टी’ तर १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगांतच निघाली. त्या काळांतली हिरवी ‘टी’ कितीही शोभिवंत असली तरी तो रंग मालकाचा, कारखान्याचा नव्हे. मूळ रंग शोधावयाचा तो उन्हापासून लपलेल्या जागीं: बैठकीखालीं, डॅशबोर्डामागें, दाराच्या आंतल्या अस्तराआड. तेथें बारीक पाणकागदानें रुपयाएवढी जागा हळूहळू घासली म्हणजे एकाखालीं एक असे थर कड्यांसारखे उघडे पडतात.

घरांतला लग्नाचा जुना फोटोही येथें उपयोगी पडतो. वरातीच्या मोटारीचे दिवे, चाकें, पायपट्टी त्यांत स्पष्ट दिसतात. रंग मात्र त्यावरून ठरवूं नये. त्या काळच्या बऱ्याच प्लेटा आणि फिल्मा तांबड्या रंगाला आंधळ्या असत. तांबडें काळें उमटे आणि निळें फिकट पडे. आजीची लाल शालू नेसलेली छबी काळ्या लुगड्यांतली वाटते, त्याचें कारण हेंच.

आतां एक अडचण. अमेरिकेंत या गाड्यांविषयीं उत्तम पुस्तकें आहेत. त्यांत बारीकसारीक भागांचे फोटो दिलेले असतात. परंतु वऱ्हाडांतली गाडी बहुधा अमेरिकेंत उभी राहिलेलीच नसते. फोर्डच्या कॅनडांतील कंपनीनें १९२६ सालीं हिंदुस्थानांत आपली कंपनी काढली, आणि पेट्यांतून आलेले भाग मुंबईसारख्या बंदरांत जोडले जाऊं लागले. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत चालला. चक्र उजव्या हाताला असलेल्या या गाड्यांत कांहीं तपशील निराळे असणारच. पुस्तकाशीं जुळत नाहीं म्हणून एखादा भाग उपटून टाकणें ही विद्वत्ता नव्हे, घाई आहे. त्यापेक्षां घरचें नोंदणीपुस्तक शोधावें. १९५० पूर्वीं मध्यप्रांत-वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १९५६ पासून मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र: अकोल्याची वेस न ओलांडतां गाडी चार राज्यांत राहिली, आणि कागदांवरील शिक्क्यांतून तिची हकीकत बरीचशी उलगडते.

पुढचे बदल नटबोल्टही सांगतात. जुन्या अमेरिकन आणि इंग्रजी गाड्यांचे आटे इंचांच्या मापाचे. त्यांतही इंग्रजी व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि अमेरिकन आट्याचा ६० अंशांचा. मेट्रिक मापाचा कायदा आपल्याकडे १९५६ सालीं झाला. तेव्हां १९२९ च्या फोर्डमध्यें मिलिमीटरचा पाना चपखल बसला तर तो बोल्ट मागाहून आलेला असण्याचाच संभव अधिक. बॅटरी सहा व्होल्टची असून तिचें धन टोंक चॅसिसला जोडलेलें असे. बारा व्होल्टची बॅटरी दिसली कीं वायरिंग कोणी तरी बदललें आहे हें ओळखावें.

वऱ्हाडच्या कोरड्या हवेचा एक फायदा आहे. कोंकणांत पत्रा गंजून जातो. येथें तो पुष्कळदां टिकलेला असतो. पण वैशाखाचें ऊन रबर तडकवितें आणि लांकूड आकसवितें. त्या काळच्या शेव्हरलेच्या पत्र्याआड लांकडी सांगाडा असे. त्याचे कुजके तुकडेही फेकूं नयेत, कारण नवा तुकडा कापण्यास नमुना तोच. टायर, ब्रेक आणि वायरी यांत मात्र अस्सलपणाचा हट्ट चालावयाचा नाहीं. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती धूळ फुप्फुसास घातक, म्हणून फुंकून उडवूं नये.

चॅसिसवरील तो झांकलेला क्रमांक बॉडी उचलल्यावर दिसावयाचा. तेथें बहुधा वऱ्हाडच्या काळ्या मातीचा आणि ग्रीजचा दगडासारखा थर बसलेला असतो. कारागीर तारेचा ब्रश पुढें करील. तो बाजूस ठेवून रॉकेलांत भिजविलेलें फडकें त्या जागीं रात्रभर बांधून ठेवावें, आणि सकाळीं मऊ कुंचल्यानें पुसावें. आंकडे उमटूं लागले कीं आधीं फोटो घ्यावा, मग पुढचा हात लावावा.