सपात-ऑर्किडचें पहिलें फूल



ऑर्किड म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें सह्याद्रींतील सीतेची वेणी उभी राहते. पावसाळ्याच्या तोंडाशीं झाडाच्या फांदीवरून लोंबणारा तो गुलाबी तुरा ज्यानें एकदां पाहिला, तो त्याला विसरत नाहीं. आज ज्या ऑर्किडविषयीं मी बोलणार आहें, तें मात्र असें फांदीवर झुलणारें नव्हे. त्याच्या बहुतेक जाती अरण्याच्या सावलींत, पालापाचोळ्याच्या थरांत किंवा खडकांच्या खांचांत वाढतात. दांड्यावर बहुधा एकच फूल येतें, आणि त्या फुलाची खालची पाकळी पायांतल्या सपातेच्या चवड्यासारखी फुगलेली असते. म्हणून इंग्रज लोक त्याला स्लिपर ऑर्किड म्हणतात. आशियांतील या वर्गाचें शास्त्रीय नांव पॅफिओपेडिलम. सायप्रस बेटांतील पॅफॉस हें ग्रीकांच्या सौंदर्यदेवतेचें क्षेत्र, आणि पेडिलॉन म्हणजे पादत्राण. देवीची सपात, असाच त्या नांवाचा अर्थ होतो.

या वनस्पतीशीं माझी पहिली ओळख कशी झाली, हें सांगण्यास मला संकोच वाटतो. परंतु तें सांगितल्यावांचून पुढील हकीकत पुरी होणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं खासी टेकड्यांच्या प्रवासांत रस्त्याच्या कडेस एक मनुष्य शेवाळांत गुंडाळलेलीं रोपें विकीत बसला होता. त्यांतील एक मीं घेतलें. तें इन्सिग्ने जातीचें होतें. पुण्यास आणून मीं तें बागेच्या मातींत लावलें, आणि मोठ्या मायेनें रोज त्यास पाणी घातलें. चैत्रांत पानें पिवळीं पडलीं आणि वैशाखांत रोप गेलें. उपटून पाहतों, तों मुळें कुजून काळीं झालेलीं!

मग मी वाचूं लागलों. तेव्हां कळलें कीं, तें रोप कोणी वाढविलेलें नव्हतें. तें डोंगरांतून उपटून आणलेलें होतें. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादींत या साऱ्या वर्गास संरक्षण दिलेलें आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारांत तो सर्वांत कडक परिशिष्टांत आहे. शाळेच्या बागेंतलें फूल तोडणाऱ्या मुलांना मीं जन्मभर दटावलें, आणि स्वतः मात्र डोंगराचें मूळच विकत घेतलें!

हा लोभ कोठवर जातो, याचें उदाहरण दक्षिणेंत आहे. द्वीपकल्पीय भारतांत या वर्गाची ड्रुरीआय ही एकच जात सांपडते. केरळ आणि तामिळनाडू यांच्या सीमेवरील अगस्त्यमलैच्या डोंगरांत तिचें घर. फूल पिवळें, आणि पाकळ्यांच्या मधोमध तपकिरी रेघ. १८७४ सालीं बेडोम यांनीं तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें वणव्यांनीं आणि संग्राहकांनीं तिची अशी दशा केली कीं, आज ती अतिसंकटग्रस्त जातींत गणली जाते.

आणि गंमत अशी कीं, फुलाची हौस भागविण्यास डोंगर लुटण्याची मुळीं गरजच नाहीं. ऑर्किडचें बीं धुळीसारखें बारीक असतें. त्यांत अंकुराची शिदोरी नसल्यामुळें निसर्गांत तें विशिष्ट बुरशीच्या साहाय्यानेंच रुजतें. परंतु १९२२ सालीं लुईस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञानें साखर व क्षार घातलेल्या पोषकद्रव्यावर, बुरशीवांचून, तें बाटलींत रुजवून दाखविलें. तेव्हांपासून रोपवाटिकांतून हजारों रोपें तयार होऊं लागलीं.

असेंच बाटलींत जन्मलेलें चार पानांचें एक रोप मीं दुसऱ्या खेपेस घेतलें. मॉडीए नांवाचा हा संकर १९०० सालचा. आईबाप आग्नेय आशियांतील. याचीं पानें कबरीं असतात, आणि इन्सिग्नेपेक्षां हा उष्मा अधिक सोसतो. आतां माती नाहीं. पाइनच्या सालीचे तुकडे आणि थोडा कोळसा. सपात-ऑर्किडला पाणी सांठविणारे फुगीर कंद नसतात, म्हणून मुळें कधीं कोरडीं ठणठणीत पडूं द्यावयाचीं नाहींत, आणि चिखलांतही ठेवावयाचीं नाहींत. पाणी सांठविलेलें पावसाचें. पूर्वेच्या गॅलरींत सकाळचें कोवळें ऊन. उन्हाळ्यांत ओल्या गोणपाटाची सावली.

तीन वर्षें नुसतीं पानें आलीं. चौथ्या वर्षीं मार्गशीर्षांत पानांच्या बेचक्यांत एक हिरवें टोंक दिसलें. तें सरळ वर चढण्यास दोन महिन्यांवर लागले. या काळांत मीं कुंडी फिरविली नाहीं. प्रकाशाची दिशा बदलली कीं दांडा वळतो आणि फूल वांकडें बसतें. माघांत एके सकाळीं कळी फुटली.

घाईनें मीं त्याच दिवशीं दुपारच्या उन्हांत छायाचित्र घेतलें. तें पार फसलें. वरचें पांढरें दल नुसता डाग झालें, त्यावरील हिरव्या शिरा नाहींशा झाल्या. शिवाय फूल अजून पुरतें उमललेंच नव्हतें! उघडल्यावरही तें कित्येक दिवस मोठें होत असतें. मीं दहा दिवस थांबलों. मग सकाळच्या सावलींत तिपाईवर कॅमेरा फुलाच्या उंचीवर लावला, मागें काळी छत्री उघडली, आणि सपातेच्या पोटांत उजेड पडावा म्हणून एका बाजूस पांढरा पुठ्ठा धरला. भिंगाचें छिद्र लहान ठेवलें, प्रकाश किंचित् कमी घेतला, फुलाच्या मध्यावरील ढालीवर नजर स्थिर केली, आणि वारा पडण्याची वाट पाहिली.

त्या वाट पाहण्यांतच फूल मला खरें दिसलें. ती ढाल म्हणजे वांझ केसर. तिच्या दोन बाजूंस परागाचे दोन गोळे. कीटक भुलून सपातेंत पडतो. आंतील भिंत निसरडी. बाहेर पडण्याची वाट मागच्या केंसाळ जिन्यावरून. त्या अरुंद वाटेंत आधीं स्त्रीकेसराग्र, मग पराग. पाठीस पराग फांसून घेऊन तो बाहेर पडतो; मध मात्र त्यास थेंबभरही मिळत नाहीं. फूल कीटकाला फसवितें खरें, पण त्याला सोडून देतें. आपण माणसें भुललों, कीं मुळासकट उपटतों.

तें छायाचित्र आज माझ्या टेबलावर आहे. येणारे-जाणारे विचारतात, "मास्तर, हें कोणत्या जंगलांत मिळतें?" मी म्हणतों, जंगलांतलें जंगलांतच असूं द्या, वाटल्यास जाऊन त्याचें चित्र घेऊन या, त्यानें डोंगराचें कांहीं उणें होत नाहीं. आणि घरीं लावण्याची हौस असेल, तर पैसे देण्यापूर्वीं विकणाऱ्यास एवढेंच विचारा कीं, हें रोप कोठें वाढलें? उत्तर मिळालें नाहीं, तर रिकाम्या हातानें परत या. मीं तो प्रश्न पहिल्या खेपेस विचारला नाहीं. आपण विचारावा, यासाठींच आजचें हें बोलणें.