कबीराचं रॉक गाणं आणि नॉमिनीचा रकाना

कुणी कुकर लावून बसल्या असाल, तर शिट्ट्या मोजत ऐका.

आज मी एका रॉक बँडच्या गाण्याबद्दल बोलणार आहे. रॉक म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात, तो धांगडधिंगा मुलांनी ऐकावा म्हणतात. पण हे गाणं कबीराचं आहे. पुण्याचा 'अग्नी' नावाचा बँड. मोहन कण्णन गातो, कोको या नावाने ओळखला जाणारा कौस्तुभ गिटार वाजवतो. २००७ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, त्याचंही नाव 'अग्नी'च. त्यातलं हे 'साधो रे'.

कबीराच्या या पदात सगळं गावच मेलेल्यांचं आहे. राजाही जाणार, प्रजाही. रोगी जाणार आणि त्याला औषध देणारा वैद्यही. असले शब्द कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांमुळे आपल्या कानांना नवे नाहीत. कबीर तर आपल्या नामदेवांबरोबर गुरू ग्रंथ साहिबातही आहेत. नवी आहे ती गिटार. मला विचाराल तर ती शब्दांच्या आड येत नाही, आणि गायक उगाच रडवा सूर लावत नाही. हे मला फार आवडलं.

दादरच्या आमच्या एका गटात बऱ्याच जणी भजनी मंडळातल्या. बैठकीत मोबाइलवर लावलं. एक आजी म्हणाल्या, "अगं, हे तर आपलंच! पखवाजाच्या जागी ड्रम, एवढंच." दुसऱ्या ताई मात्र चिडल्या. "दिवेलागणीला मरणाचं कशाला लावतेस?"

गंमत बघा. एकादशीला टाळ हातात घेऊन आपण देह नाशवंत म्हणून तासभर गातो. शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्यांना तर भागोजी कीर स्मशानभूमी रोजच्या वाटेवर. पण घरात नवऱ्याला विचारायचं, "अहो, तुमच्या खात्याला नॉमिनी कोण?" तर जीभ रेटत नाही. अभद्र बोलली म्हणतील ना!

आमच्या गटातली एक फुलवाली. पहाटे बाजारातून फुलं घ्यायची आणि दिवसभर गजरे, वेण्या करून विकायची. नवरा अचानक गेला. त्याच्या खात्यात थोडे पैसे होते, पण नॉमिनी म्हणून नाव सासूबाईंचं, आणि त्या आधीच वारलेल्या. लग्नाआधी उघडलेलं खातं, नाव बदलायचं कुणाला सुचलंच नाही. मग वारसाचे कागद, दिरांच्या सह्या, बँकेत खेपा. सात महिने गेले. बँकेत ज्या दिवशी जायची, त्या दिवशी धंदा बंद. गटाने हप्त्याला मुदत दिली म्हणून सावकाराकडे जावं लागलं नाही.

म्हणून सांगते. नॉमिनी बदलता येतो, बँकेत त्याचा फॉर्म मिळतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हाती येतात, पण वारसांचा हक्क तसाच राहतो. घरात त्यावरून फार भांडणं होतात, म्हणून हे आधीच समजून घ्या.

दुसरं विम्याचं. जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा, वय १८ ते ५० असेल तर घेता येतो. सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांचा, फक्त अपघातासाठी, वय १८ ते ७०. दोन्हींचे पैसे खात्यातून आपोआप कापले जातात. मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढी रक्कम नसेल तर विमा बंद पडू शकतो. कितीजणींना विमा आहे असं वाटतं, आणि पासबुकात कपात झालेलीच नसते. ती नोंद बोटाने शोधा.

पुढच्या बैठकीला सगळ्यांनी पासबुक आणायचं. स्वतःचं आणि घरातल्या कर्त्या माणसाचंही. तो विचारेल कशाला, तर माझं नाव सांगा. 'साधो रे' पुन्हा लावणार आहे. त्या ताईंसाठी मुद्दाम दुपारी चारला, दिवेलागणीच्या आधी.