गाळलेली गोकुळाष्टमी



‘साहित्यकृती आणि चित्रपट’ या विषयावर मी बोलावे, असे संयोजकांनी सुचवले. विषय मोठा आहे आणि त्यावर सिद्धान्तही पुष्कळ आहेत. मी मात्र माझ्या घरातल्या एका साध्या सवयीबद्दल बोलणार आहे. जुने ब्रिटिश चित्रपट, त्यातही कादंबऱ्यांवरून केलेले, घरी बसून पाहायचे आणि पाहताना मूळ पुस्तक मांडीवर ठेवायचे, ही ती सवय. गेली तीसेक वर्षे मी ती सांभाळली आहे. या सवयीने मला जे दिले, त्याचा आपल्या मराठीशी संबंध आहे, म्हणूनच ते या व्यासपीठावर सांगण्याचे धाडस करतो.

मी बुऱ्हाणपूरचा. आमच्याकडे घरात मराठी, बाजारात हिंदी आणि निमाडी, शेजारच्या मोहल्ल्यात उर्दू. वर्गात मी इंग्रजी साहित्य शिकवतो. माझे बरेच विद्यार्थी पॉवरलूमवर काम करणाऱ्यांच्या किंवा केळीच्या बागायतदारांच्या घरचे. इंग्रजी साहित्य म्हणजे दूरच्या, परक्या लोकांचे काहीतरी, ते पाठ करून परीक्षेत उतरवायचे, ही त्यांची समजूत. खोटे कशाला बोलू, विद्यार्थिदशेत माझीही तीच होती.

इंदूरला एम. ए. करत असताना आम्ही चार मित्र वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर आणि टीव्ही भाड्याने आणत असू. एकदा डेव्हिड लीनच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ची कॅसेट हाती लागली. चित्रपट 1946 चा. कॅसेट प्रतीवरून प्रत काढलेली, त्यामुळे पडद्यावर सतत पाऊस पडत असल्यासारखे दिसायचे. पण सुरुवातीचे ते दृश्य! दलदलीच्या काठचे स्मशान, करकरणारी झाडे, आईबापांच्या थडग्यापाशी आलेला छोटा पिप. तो घाबरून पळत सुटतो, आणि नेमका कैद्याच्या अंगावर जाऊन आदळतो. आम्ही चौघेही दचकलो. मग कॅसेट मागे फिरवली आणि पुन्हा पाहिले. चार-पाच वेळा पाहिल्यावर युक्ती कळली. कॅमेरा पिपच्या बरोबर सरकत असतो, म्हणून पिपला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही.

घरच्या चित्रपटाचा पहिला लाभ हाच. चित्रपटगृहात चित्रपट आपल्याला ओढून नेतो, घरी आपण त्याला थांबवू शकतो. कवितेची ओळ कळली नाही की आपण पुन्हा वाचतो, तसेच दृश्य पुन्हा ‘वाचता’ येते. पुढे डीव्हीडी आली तेव्हा चित्र स्वच्छ झाले आणि खाली इंग्रजी संवादांच्या ओळी येऊ लागल्या. ब्रिटिश उच्चारांनी बुजणारी माझी मुले त्या ओळींच्या आधाराने ऐकायला शिकली. एका विद्यार्थिनीने मिस हॅविशॅमची ती बंद, जळमटलेली खोली पाहून विचारले होते, “सर, हे आपल्या शाही किल्ल्यातल्या खोल्यांसारखं नाही का वाटत?” त्या दिवशी डिकन्स आमच्या तापीकाठी आला.

दुसरा लाभ तुलनेचा. त्या चित्रपटाचा शेवट पुस्तकातल्यासारखा नाही. चित्रपटात पिप त्या कोंदट घराचे पडदे ओढून फाडतो आणि आत उजेड येतो. हे डिकन्सने लिहिलेले नाही. पण खुद्द डिकन्सनेही बुल्वर-लिटन या मित्राच्या सांगण्यावरून आपला पहिला शेवट बदलला होता, हे विसरून चालणार नाही. पडदे फाडणे मला मान्य आहे, कारण साऱ्या कादंबरीभर जो प्रश्न आहे त्यालाच ते दृश्य उत्तर देते. बदल केला म्हणजे दगाच दिला, असे आपण मराठी माणसांनी तरी म्हणू नये. ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ देवलांनी केला, ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ आगरकरांनी केले, आणि शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. लं.नी ‘ती फुलराणी’ लिहिले. परके नाटक आपल्या घरात कसे नांदवायचे, हे आपल्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे.

आता ज्या चित्रपटासाठी मी इथे उभा आहे, त्याकडे येतो. तो लीनचाच, त्याचा शेवटचा चित्रपट, ‘अ पॅसेज टू इंडिया’, 1984 सालचा. ई. एम. फॉर्स्टरची मूळ कादंबरी 1924 सालची. व्हिक्टर बॅनर्जीचा डॉक्टर अझीझ आणि पेगी अ‍ॅशक्रॉफ्टची मिसेस मूर मी कितीदा पाहिली असेन, सांगता येणार नाही. मिसेस मूर आणि अझीझ यांची मशिदीतली भेट आजही पाहताना मी हातातला चहा विसरतो. गुहेतला तो प्रतिध्वनी मुलांना ऐकवण्यासाठी मी वर्गाची दारे-खिडक्या बंद करून घेतो.

या चित्रपटात प्राध्यापक नारायण गोडबोले आहेत. कादंबरीत ते दख्खनी ब्राह्मण आहेत. चित्रपटात हे काम अ‍ॅलेक गिनेस या इंग्रज नटाने केले आहे, चेहऱ्याला रंग फासून. 1946 च्या चित्रपटात पिपचा मित्र हर्बर्ट झालेला नट तो हाच. पडद्यावर ‘गोडबोले’ हे नाव आले की माझी मुले हसतात. एकाने विचारलेही, “सर, हे गोडबोले आपले का?” मी म्हटले, “नाव आपले आहे, बाकीचे शोधू या.”

तो शोध खरे तर माझ्या आईने सुरू करून दिला होता. आईला इंग्रजी येत नव्हते, कीर्तनाचे वेड मात्र होते. एका सुटीत मी हा चित्रपट लावला आणि तिला कथा मराठीत सांगत गेलो. खटला संपला, अझीझ सुटला. त्यानंतर थोडा भाग काश्मीरमध्ये घडतो. तळे, बर्फाचे डोंगर, दोन मित्रांची समेटाची भेट, आणि चित्रपट संपतो. मी सहज म्हणालो, “पुस्तकात शेवट असा नाही. तिथे काश्मीर नाहीच. मऊ नावाचं एक हिंदू संस्थान आहे, तिथे गोकुळाष्टमी चालली आहे. गोडबोले टाळकऱ्यांबरोबर गातात आणि सगळे तुकारामाचं नाव घेत असतात.” आई ताठ बसली. “इंग्रजाच्या पुस्तकात तुकोबा?” मी हो म्हणालो. ती म्हणाली, “मग तेच कसं गाळलं? गोकुळाष्टमीच नाही, तर इतका वेळ बघितलं कशाला?”

मी हसलो खरा, पण तो प्रश्न मनातून गेला नाही. अनेकदा शिकवलेली ती कादंबरी मी त्या रात्री शेवटाकडून वाचायला घेतली.

फॉर्स्टरला ही गोकुळाष्टमी कुठे भेटली? आपल्याच देवासमध्ये. देवासची दोन संस्थाने होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार, म्हणजे मराठी घराणे. फॉर्स्टर पहिल्यांदा तिथे आला तो 1912 च्या नाताळात. 1921 मध्ये महाराजांचा खासगी सचिव म्हणून काही महिने तो देवासला राहिला, आणि त्या वर्षीची गोकुळाष्टमी त्याने राजवाड्यात राहून पाहिली. महाराज स्वतः मूर्तीपुढे गात आणि नाचत होते. तिथून घरी लिहिलेली पत्रे त्याने पुढे 1953 मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात छापली. ती देवी म्हणजे देवासच्या टेकडीवरची. पुढे त्याच टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचे घर झाले, हे या सभागृहात सांगायची गरज नाही.

कादंबरीचे तीन भाग आहेत, मशीद, गुहा आणि मंदिर. पहिल्या भागात माणसे एकमेकांजवळ येण्याची धडपड करतात. दुसऱ्यात ती धडपड फुटते. तिसऱ्यात उत्तर नाही, पण एक उत्सव आहे. गोंधळ आहे, चिखल आहे, पाऊस आहे. विसर्जनाच्या वेळी तळ्यातल्या दोन नावा एकमेकींवर आदळतात आणि इंग्रज नि हिंदी सगळेच पाण्यात पडतात. शेवटी अझीझ आणि फील्डिंग घोड्यांवरून फिरायला निघतात, पण मैत्रीची वेळ अजून आलेली नाही, म्हणून घोडीही वाटा वेगळ्या करतात. चित्रपटाने हा सगळा भाग बाजूला ठेवून सलोखा दाखवला. गिनेसने केलेले गोडबोल्यांचे एक नृत्य चित्रितही झाले होते, पण संकलनात लीनने ते काढून टाकले.

मी लीनला दोष देत नाही. खटला संपला की प्रेक्षक टोपी शोधू लागतो. त्यानंतर ज्यात कथानक पुढे सरकत नाही असा उत्सव दाखवणे कोणत्याही दिग्दर्शकाला अवघड आहे. पण मघाची कसोटी इथे लावून पाहा. पिपने पडदे फाडले तेव्हा पुस्तकाचा प्रश्न उजळला. इथे गोकुळाष्टमी गेली तेव्हा पुस्तकाचा तिसरा खांबच गेला, आणि तो खांब आपल्या मातीतला होता. मशीद उरली, गुहा उरल्या, माळव्यातले मराठी मंदिर तेवढे गेले.

आता वर्गातली रीत सांगतो. खटला संपला की मी डिस्क थांबवतो, टीव्ही बंद करतो आणि पुस्तकाचा तिसरा भाग वाचायला घेतो. एका वर्षी मुलांना म्हटले, ही काही पाने आपण मराठीत आणू. तेव्हा एक गंमत झाली. मुले मडके फोडण्याच्या प्रसंगाशी अडली. मातीचे भांडे काठीने फोडतात, त्यातला दूधभात खाली सांडतो, मुले तो एकमेकांच्या तोंडाला फासतात, असे वर्णन फॉर्स्टरने इंग्रज वाचकासाठी सविस्तर केले आहे. एक मुलगा शब्दकोश चाळत बसला होता. मागच्या बाकावरून रावेरकडची एक मुलगी म्हणाली, “सर, हा तर गोपाळकाला!”

मित्रहो, फॉर्स्टरला ज्यासाठी कितीतरी वाक्ये खर्चावी लागली, ते त्या मुलीने एका शब्दात सांगितले. तो उत्सव देवासमध्ये घडला तेव्हा मराठीतच घडला होता. फॉर्स्टरने त्याचे इंग्रजी केले. आम्ही त्याचे भाषांतर करत नव्हतो, त्याला घरी परत आणत होतो. शब्दकोश मिटला गेला. टाळ, गुलाल, भजन, काला असे शब्द मुले भराभर सांगू लागली. एरवी वर्गात मराठी बोलायला लाजणारी मुले होती ती. आपली घरची भाषा एका जागतिक कादंबरीचे कुलूप उघडते, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिले.

आपण मध्य प्रदेशातले मराठी भाषक. शाळेत आपल्या मुलांना मराठी मिळणे कठीण झाले आहे. घरातली मराठीही दर पिढीला थोडी थोडी कमी होते. अशा वेळी आपण जुन्या वैभवाची भाषणे करतो, ती मुलांच्या कानावरून निघून जातात. मुलांना वैभव नको असते, त्यांना उपयोग हवा असतो. त्या दिवशी मराठीचा उपयोग झाला, आणि तोही इंग्रजीच्या तासाला.

त्यानंतर आम्ही एक गाडी करून देवासला गेलो. आसीरगड मागे टाकला, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडली, इंदूरला जेवलो. टेकडीच्या पायऱ्या चढताना त्या मुलीने विचारले, “सर, तो इथे चढला असेल?” मी म्हटले, “पुस्तकाला त्याने हिचेच नाव दिले आहे.”

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. शिक्षकांनी चित्रपट जरूर दाखवावेत, आता तर ते पूर्वीपेक्षा सहज मिळतात. मात्र नुसते लावून देऊ नयेत. एक हात रिमोटवर आणि एक हात पुस्तकावर असू द्यावा. काय बदलले, काय वाढवले, काय गाळले, हे मुलांनाच शोधू द्यावे. आणि आपल्या विद्यापीठांतल्या मराठी विभागांनी फॉर्स्टरचा तो ‘मंदिर’ विभाग आणि देवासची पत्रे तुकोबांच्या गाथेशेजारी ठेवून एकदा शिकवून पाहावीत. आमची पाने अजून कच्ची आहेत, अकादमीने मागितली तर मी ती आनंदाने पाठवीन.

आई आता नाही. गेल्या गोकुळाष्टमीला मी तिच्या खोलीत तो चित्रपट पुन्हा लावला. खटला संपला तिथे थांबवला, आणि मुलांनी केलेली ती पाने मोठ्याने वाचली. तुकोबांचे नाव आले तिथे क्षणभर थांबलो. तिची तक्रार निदान घरापुरती मी दूर केली आहे. बाहेरचे काम आपण सर्वांनी मिळून करायचे आहे.