थांबलेल्या गाड्यांचा हिशेब





कोरोनाकाळातील टाळेबंदी आणि त्यातून सावरणारा वाहतूक व्यवसाय, हा आपल्या परिषदेचा विषय. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या या नाशिक शहराने ते दिवस फार जवळून पाहिले आहेत. डोक्यावर बोचकी आणि कडेवर लेकरे घेऊन कसारा घाट चढून आलेली माणसे इथूनच उत्तरेकडे चालत गेली. 1 मे 2020 रोजी मजुरांची विशेष रेल्वे नाशिक रोडहून भोपाळला निघाली. पाठोपाठ एसटीने मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत मोफत सोडले. त्या बसगाड्यांवरचे चालक-वाहक सभागृहात असतील, तर त्यांचे स्वागत आपण सर्वांनी टाळ्यांनी करावे.

25 मार्चला देश बंद झाला, तेव्हा आमच्याकडे द्राक्षांचा हंगाम चालू होता. जीवनावश्यक मालाच्या वाहतुकीला परवानगी होती. पण गाडी नुसत्या परवानगीवर चालत नाही. ढाबे बंद, पंक्चरवाला गावी निघून गेलेला, हमाल मिळत नाहीत. कोलकात्याला माल उतरवला, तर तिकडचे कारखाने बंद असल्याने परतीचे भाडे नाही. म्हणजे जातानाच्या भाड्यातच येतानाचे डिझेल बसवायचे. शेतकऱ्याकडे जादा भाडे मागायला तोंड नव्हते, कारण त्याच्या मालाला बाजारच उरला नव्हता. चालकांनी केबिनमध्ये स्टोव्हवर खिचडी शिजवून दिवस काढले, आणि घरी परतल्यावर कित्येकांना गावाच्या वेशीवरच अडवले गेले. त्यांच्या जिवावर शहरांतल्या चुली पेटत होत्या, याची जाणीव तेव्हा फार थोड्यांनी ठेवली.

जगात कच्चे तेल स्वस्त झाले होते; पण मे महिन्यात डिझेलवरचा केंद्रीय कर लिटरमागे 13 रुपयांनी वाढला आणि ती स्वस्ताई आपल्या टाकीपर्यंत आलीच नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, व्याज मात्र चढत राहिले. उभ्या गाडीलाही खर्च असतो: बॅटरी उतरते, टायर खराब होतात, विमा भरावाच लागतो. स्कूल बसवाल्यांनी तर जवळपास दोन वर्षे हे सोसले.

व्यवसाय सावरला, असे आज म्हटले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. ज्यांच्याकडे मोठा ताफा आणि हाताशी भांडवल होते, ते ऑनलाइन खरेदीच्या मालावर लवकर उभे राहिले. एसटीनेही मालवाहतुकीत पाऊल टाकले. 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरला देशातली पहिली किसान रेल धावली, तिचा अभिमान आम्हा नाशिककरांना आहेच. पण स्वतः चालवणारा एका गाडीचा मालक? हप्ते थकले, गाडी ओढून नेली, आणि तो दुसऱ्याच्या गाडीवर पगारी चालक झाला. त्याची नोंद सावरल्याच्या हिशेबात कुठेच नाही.

म्हणून यजमान या नात्याने माझी एकच विनंती आहे. उद्याच्या समारोपापूर्वी या परिषदेने ठराव करावा: पुन्हा असा प्रसंग आला, तर महामार्गावरचे ढाबे, गॅरेज आणि पंक्चरची दुकाने पहिल्या दिवसापासून जीवनावश्यक सेवेत धरावीत, आणि एक-दोन गाड्यांच्या मालकांना हप्त्याबरोबर त्या काळातल्या व्याजाचीही सूट मिळावी. ठरावाचा मसुदा स्वागत कक्षात ठेवला आहे. आपण तो वाचावा, त्यात भर घालावी आणि सही करूनच नाशिक सोडावे.