चौघांची एकच उत्तरपत्रिका
(गणेशोत्सवात पालक व बालमित्रांसमोर केलेले भाषण)



बुद्धिदात्या गजाननाच्या मंडपात गणितावर बोलायला सांगितले, म्हणून समितीचे आभार. घाबरू नका, पाढे विचारणार नाही!

मी इथे हैदराबादेत तीस वर्षे गणित शिकवले. परीक्षेत वर्गात फिरताना माझे एक वाक्य ठरलेले असे, ‘पेपर झाका, शेजाऱ्याला दिसू देऊ नका.’ त्यात गैर काहीच नव्हते. पण त्यापलीकडेही काही शिकवायचे असते, हे मला सातवीतल्या नातीने दाखवले.

2019 च्या हिवाळ्यात मी लेकीकडे ओहायोला होतो. तिथे सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ‘मॅथकाउंट्स’ ही स्पर्धा असते. तिची पहिली राष्ट्रीय फेरी 1984 मध्ये झाली. आधी प्रत्येकाने एकट्याने सोडवायचे : 40 मिनिटांत 30 गणिते, मग दोन-दोनच्या जोडीने 8 गणिते, प्रत्येक जोडीला 6 मिनिटे. त्यानंतर सांघिक फेरी. चार मुले, 10 गणिते, 20 मिनिटे आणि उत्तरपत्रिका एकच! संघाचे एकूण गुण 66. त्यांपैकी 46 चौघांच्या वैयक्तिक गुणांच्या सरासरीचे आणि 20 या फेरीचे. म्हणजे एकटा हुशार असून भागत नाही.

सरावाला चौघे आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसत. एकदा मी गणित घातले, ‘1 ते 100 आकडे लिहिताना 9 हा अंक किती वेळा लिहावा लागेल?’ एकाने झटकन 10 सांगितले. माझी नात म्हणाली, ‘नव्वद ते नव्व्याण्णव विसरलास, 19.’ ती संघाची कॅप्टन, तिने 19 लिहूनही टाकले. चौथी एक अबोल मुलगी. तिच्या कागदावर 20 होते, पण तिने हाताने ते झाकले होते!

मी विचारले, तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘99 मध्ये 9 दोनदा येतो.’ बरोबर! 9 असलेल्या संख्या 19, पण अंक 20. नातीने उत्तर खोडले आणि त्या दिवसापासून नियम केला, लिहिण्याआधी चौघांनाही विचारायचे.

मला मात्र तो झाकलेला हात झोपू देईना. माझ्या वर्गात असे किती हात झाकलेले राहिले असतील? उत्तर येत असून न बोललेली किती मुले मी ‘कच्ची’ ठरवली असतील? आज ती चाळिशीची असतील. त्यांची क्षमा मागायला हे व्यासपीठ मिळाले, हेही बाप्पाचीच कृपा.

म्हणून समितीला एक विनंती. चित्रकला आणि श्लोकपाठांतराच्या जोडीला पुढच्या वर्षी अशी एक सांघिक गणितस्पर्धा ठेवूया. आपली मुले वेगवेगळ्या शाळांत, वेगवेगळ्या माध्यमांत शिकतात, मराठीत एकत्र येतात ती याच मंडपात. चिठ्ठ्या टाकून चौघांचे संघ करावेत, म्हणजे हुशार मुलांचा एकच गट होणार नाही. गणिते मी मराठीत काढून देईन. पालकांनी फक्त एक करावे. घरी गेल्यावर ‘किती गुण मिळाले?’ याआधी ‘तू कोणाचे ऐकलेस?’ असे विचारावे.

गणपती बाप्पा मोरया!